अभ्यास मंडळाच्या त्या तीन जागा आमच्या राहू द्या

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,

विषय : अभ्यास मंडळांच्या मतदार यादीतून वगळलेले विभागप्रमुख आणि रिक्त जागा नामनिर्देशनाने भरण्याचा निर्णय

महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या शनिवारी विषयांचे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या अभ्यास मंडळांच्या निवडणुकीची अंतिम मतदार यादी लागली. यात मत असते ते महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना. भूगोलाच्या यादीत मी माझे नाव तीनदा शोधले. आधी महाविद्यालयाच्या नावाने, मग आडनावाने, आणि शेवटी पहिल्या पानापासून एकेका ओळीवर बोट ठेवून. नाव नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी बावीस वर्षे भूगोल शिकवते आहे. माझे वरिष्ठ सर नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही, आणि तेव्हापासून विभागात पूर्णवेळ शिक्षक मी एकटीच आहे. प्रात्यक्षिक वह्यांवर, अंतर्गत गुणांच्या तक्त्यांवर, सहलीच्या परवानगी पत्रांवर विभागप्रमुख म्हणून माझीच सही असते, आणि आपल्या परीक्षा विभागाने ती एकदाही परत पाठवलेली नाही. यादीतून वगळण्याचे कारण मात्र असे लिहिले आहे : ‘विभागप्रमुख पदाचे स्वतंत्र मान्यता पत्र सादर नाही.’ एकाच शिक्षकाच्या विभागात असे स्वतंत्र पत्र कोण कुणाला देतो, हे आपण कृपया सांगावे.

नाव वगळले गेले एवढेच असते, तर मी अर्ज करून थांबले असते. पण सोमवारी दुसरे परिपत्रक आले. ज्या विषयांत पुरेसे मतदार नाहीत किंवा उमेदवारी अर्ज आले नाहीत, तिथल्या निवडून द्यायच्या जागा नामनिर्देशनाने, म्हणजे मतदानाशिवाय नेमणूक करून, भरल्या जातील, असे त्यात म्हटले आहे. ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली आणि मला गप्प बसवेना. आधी यादी आखूड करायची आणि मग यादी आखूड आहे म्हणून जागा काढून घ्यायची, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या मनात तसे नसेलही, परिणाम तोच आहे.

या पत्राची सहीशिक्क्याची प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे आणि तिची पोच माझ्याकडे आहे. इथे मात्र माझे आणि महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्यासारख्याच अनेकांनी त्यांची हकिकत माझ्या पत्रात घालायला सांगितली आहे आणि त्यांना त्रास होऊ नये असे मला वाटते. पत्र उघड लिहिते आहे ते विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी. आपल्या मुलांनी काय शिकायचे हे कुठे आणि कसे ठरते, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ४० मध्ये प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ सांगितले आहे. कोणता पेपर ठेवायचा, त्यात कोणते घटक घ्यायचे, कोणती पुस्तके सुचवायची, प्रात्यक्षिक काय असावे, याचा पहिला मसुदा हे मंडळ करते. पुढे तो विद्याशाखेत आणि विद्यापरिषदेत जातो, पण तिथे शेकडो पानांचे विषय एका दिवसात संपवायचे असतात. ओळ न् ओळ वाचली जाते ती अभ्यास मंडळातच. या मंडळावर विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुख असतात, कुलगुरूंनी अधिष्ठात्यांशी विचारविनिमय करून नेमलेले सहा शिक्षक असतात, बाहेरचे काही तज्ज्ञ असतात. आणि तीन विभागप्रमुख असतात, ज्यांना संलग्न महाविद्यालयांचे विभागप्रमुख स्वतः मत देऊन पाठवतात. नेमलेले सहा आणि निवडलेले तीन. हे पत्र त्या तिघांसाठी आहे.

तीन माणसांनी काय फरक पडतो, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. त्याला मी जे सांगितले तेच आपल्याला सांगते.

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाची क्रेडिटची, म्हणजे तासांवर मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांची, चौकट ठरली आणि २०२४-२५ पासून ती आमच्या महाविद्यालयांत आली. मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प असे सगळे नवे. भूगोलाला जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचे, प्रात्यक्षिक आले. मला आनंद झाला होता. आमच्या मुलांना संगणकावर नकाशा करता यावा असे मला फार वर्षांपासून वाटत होते. पण अभ्यासक्रमात जे सॉफ्टवेअर लिहिले होते त्याचा परवाना आमच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा. आमच्याकडे अकरा संगणक आहेत, त्यातले सात चालतात आणि तेही वाणिज्य विभागाबरोबर वाटून घ्यावे लागतात. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. एका मुलाच्या वाट्याला संगणक येणार तो आठवड्यातून जेमतेम अर्धा तास. क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि पदवीच्या पातळीचे जवळजवळ सगळे काम त्यात होते. मी ते उतरवून घेतले, मराठीत टिपणे लिहिली आणि मुलांना शिकवले. मुलींनी आपापल्या गावचे ओढे, विहिरी, पाझर तलाव नकाशावर आणले. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र अभ्यासक्रमातल्या सॉफ्टवेअरच्याच आज्ञा विचारल्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या हातात जो कागद होता त्यात तेच होते. मंडळाच्या बैठकीत तालुक्याच्या महाविद्यालयातले एक जरी माणूस बसले असते, तर ‘किंवा तत्सम मुक्त सॉफ्टवेअर’ एवढे शब्द त्याने घालून घेतले असते. त्यासाठी विद्वत्ता लागत नव्हती. आमच्या संगणक कक्षात एकदा उभे राहिलेले असणे पुरेसे होते.

दुसरी गोष्ट क्षेत्रप्रकल्पाची. तो आमच्याकडे चौथ्या सत्रात, म्हणजे दिवाळीनंतर येतो. दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातली गावे कशी दिसतात हे आपण मराठवाड्यात राहत असल्यामुळे आपल्याला ठाऊकच आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर भरतात आणि घरांना कुलपे लागतात. ऊसतोडीला गेलेले आईबाप मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. त्यांच्याबरोबर माझ्या वर्गातली मुलेही जातात. काही जण कोयता धरतात, मुली स्वयंपाक करतात आणि धाकटी भावंडे सांभाळतात. परीक्षेपुरते यायचे आणि पुन्हा जायचे, असे त्यांचे शिक्षण चालते.

गेल्या वर्षी अशाच एका विद्यार्थिनीचा कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावरून फोन आला. म्हणाली, ‘मॅडम, प्रकल्प इथंच केला तर चालंल का? इथं साठ-सत्तर कोप्या हायेत. पाणी किती लांबून आणायचं, कोण कुठल्या गावचं, समदं लिहून काढते.’ मी तिला होय म्हटले. तिने तळाचा आराखडा काढला, पावलांनी अंतर मोजले, कोपीनिहाय, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीनिहाय, गाव आणि तालुका लिहिला, पाण्याच्या खेपा मोजल्या. स्थलांतराचा भूगोल मी बावीस वर्षे फळ्यावर शिकवते आहे, पण इतका नेमका मला तो कधी शिकवता आला नव्हता. अभ्यासक्रमात मात्र लिहिले आहे की क्षेत्रप्रकल्प महाविद्यालयाच्या परिसरातल्या गावातच करावा. मी विद्यापीठाला पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तर आले नाही. तपासणीच्या वेळी तो प्रकल्प अमान्य ठरला आणि तिला सुट्टीत परत येऊन दुसरा, पाच पानांचा, गावच्या ग्रामपंचायतीची माहिती उतरवून काढलेला प्रकल्प द्यावा लागला. तो मान्य झाला.

महोदय, ‘विद्यार्थ्याच्या वास्तव्याच्या ठिकाणी प्रकल्प करता येईल’ हे एक वाक्य अभ्यासक्रमात हवे होते. ते कुणी मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. ते वाक्य लिहावे असे ज्याला सुचले असते, तो माणूस त्या खोलीत नव्हता.

पाण्याचेही तसेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. आमचा सगळा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि काळ्या बेसाल्टवर. या खडकात पाणी राहते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून एका शेतात बोअर लागते आणि शेजारच्या शेतात सहाशे फूट जाऊनही धूळ निघते. लोक कर्ज काढून बोअर घेतात. हे ज्यांच्या घरात घडते त्या मुलांच्या अभ्यासक्रमात भूजल एका उपघटकापुरते आहे, आणि किनारपट्टीच्या भूरूपांना पूर्ण घटक आहे. किनारपट्टी शिकवू नका असे मी कशी म्हणेन? पण दोन्हींचे तास ठरवताना किल्लारीच्या किंवा पाटोद्याच्या बाजूचा कुणी शिक्षक बोलला असता, तर हे प्रमाण असे राहिले नसते. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिलेली माणसे अजून आमच्यात शिकवत आहेत.

आता प्रक्रियेबद्दल. तात्पुरती मतदार यादी शुक्रवारी संध्याकाळी संकेतस्थळावर आली. आक्षेप सोमवारी पाच वाजेपर्यंत, निवडणूक कक्षात, प्रत्यक्ष, मूळ कागदपत्रांसह. मधले दोन दिवस सुट्टीचे. सोमवारी मी सकाळी सहाच्या एसटीने निघाले आणि साडेअकराला पोहोचले. कक्षातले कर्मचारी माझ्याशी नीट बोलले, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. दोघेच होते आणि टेबलावर अर्जांचा ढीग होता. त्यांनी सांगितले की आक्षेप प्राचार्यांमार्फत आणि जावक क्रमांकासह हवा. आमच्याकडे प्राचार्यही प्रभारी आहेत आणि जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या लिपिकाची जागा रिकामी आहे. सरांनी पत्र करून, सही करून ईमेलने पाठवले. ईमेल ग्राह्य नाही असे उत्तर मिळाले. मूळ पत्र घेऊन पाचच्या आत पुन्हा येणे माणसाला शक्य नव्हते. त्या दिवशी त्या जिन्यात माझ्यासारखे आणखी बरेच जण उभे होते. त्यातल्या एक मॅडम लग्नानंतर नाव बदलले म्हणून वगळल्या गेल्या होत्या. त्यांचे मान्यता पत्र माहेरच्या नावाने आणि सेवापुस्तक सासरच्या नावाने. राजपत्रातली नाव बदलल्याची प्रत त्यांच्या पिशवीत होती, पण ती पाहण्याची तरतूद नमुन्यात नव्हती.

विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथल्या महाविद्यालयांना ही मुदत पुरली. रिक्षाने जाऊन त्यांचे काम झाले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मुदत ठरवताना एसटीचे वेळापत्रक कुणी पाहिले नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांचा प्रश्न याहून कठीण आहे. मे २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन शासनाने नवी भरती थांबवली, आधीच्याही जागा रिकाम्या होत्या, आणि नंतर मिळाल्या त्या मंजुऱ्या अपुऱ्या पडल्या. आज कितीतरी महाविद्यालयांत अख्खा विभाग तासिकेवरच्या एका शिक्षकाच्या खांद्यावर आहे. कायद्याने त्याला मत नाही, हे मला समजते, आणि कायदा बदलणे आपल्या हातात नाही हेही समजते. पण असा विभाग यादीतून पुसला गेला की तिथल्या दीडशे मुलांचा अभ्यासक्रमाशी असलेला शेवटचा धागाही तुटतो. त्यांचे म्हणणे निदान लेखी मागवता येते. तेही कधी मागवलेले नाही.

नामनिर्देशनाबद्दल माझ्या मनात तेढ नाही. नेमलेल्या सदस्यांत माझे गुरू आहेत, ज्यांनी मला नकाशा वाचायला शिकवले. ते विद्वान आहेत आणि कष्टाळूही आहेत. पण नेमलेला माणूस ज्याने नेमले त्याच्याकडे पाहतो, निवडलेला माणूस ज्यांनी मत दिले त्यांच्याकडे. निवडून गेलेल्या सदस्याला मी रात्री फोन करून ‘सर, हा घटक बारा तासांत होत नाही’ असे हक्काने म्हणू शकते. नेमलेल्या सदस्याला तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निवडणुकीत पॅनल होतात, संस्थांच्या कार्यालयांत नावे ठरतात, प्राध्यापकांवर दबाव येतो, असे आपल्याकडे काही जण सांगतील. ते खोटे नाही. मागच्या वेळी ‘कुणाला मत द्यायचे’ याची चिठ्ठी माझ्यापर्यंतही आली होती आणि मी ती फाडली होती. त्यावर उपाय म्हणजे मतदान गुप्त राहील अशी व्यवस्था नेटाने करणे आणि केंद्रावर संस्थाचालकांची माणसे उभी राहू न देणे. दबाव येतो म्हणून मतदानच नको म्हटले, तर चिठ्ठी पाठवणाऱ्यांचे काम उलट सोपे होते. त्यांना मग अनेकांऐवजी एकाच दारात जावे लागते.

अभ्यास मंडळांची इतिवृत्तेही आम्हाला दिसत नाहीत. कोणता घटक का वगळला, कोण काय म्हणाले, कळायला मार्ग नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अशा मंडळांची माहिती आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही, हे सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते. त्यासाठी आम्हाला अर्ज करायला लावू नये.

एक जुनी आठवण लिहिते. निजामाच्या राज्यात, १९२१ मध्ये, हिप्परग्याच्या लोकांनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. उर्दू माध्यमाच्या त्या राजवटीत आपल्या मुलांना काय शिकवायचे हे एका खेड्याने ठरवले होते. १९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि १९९४ मध्ये दुसरे, ते याच मागणीच्या पोटी : निर्णय हैदराबादेत किंवा पुण्या-मुंबईत न होता इथे व्हावेत. ते ‘इथे’ विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. अंतिम मतदार यादी मागे घ्यावी आणि आक्षेपांसाठी किमान दहा कामकाजाचे दिवस द्यावेत. ईमेलने आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आक्षेप स्वीकारावेत. जिथे विभागात एकच मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक आहे, तिथे त्याला विभागप्रमुख धरावे आणि प्राचार्यांचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे. नाव बदललेल्या महिलांची राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र ग्राह्य धरावे. सोमवारचे परिपत्रक रद्द करावे. एखाद्या विषयात अर्ज आलेच नाहीत, तर पुन्हा एकदा निवडणूक जाहीर करावी आणि तोवर ती जागा रिकामी ठेवावी. अभ्यासक्रमाचा मसुदा विद्यापरिषदेत जाण्याआधी तीस दिवस संकेतस्थळावर ठेवावा, त्यावर तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह सर्वांच्या सूचना घ्याव्यात आणि मंडळांची इतिवृत्ते प्रसिद्ध करावीत.

यातल्या एकाही मागणीला मोठा खर्च नाही. निवडणूक पुढे गेली तर महिनाभर उशीर होईल. तो आम्ही सोसू.

माझे नियुक्तिपत्र, विद्यापीठाचे शिक्षक मान्यता पत्र आणि गेल्या नऊ वर्षांत परीक्षा विभागाने विभागप्रमुख म्हणून मला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आपल्या कार्यालयातल्या अर्जासोबत आहेत. त्यांच्या खाली एक वही आहे. ती त्या विद्यार्थिनीच्या अमान्य झालेल्या प्रकल्पाची झेरॉक्स आहे, तिला विचारूनच जोडली आहे. सातव्या पानावर तळाचा नकाशा आहे. हातपंप कुठे होता हे तिने लाल पेनाने दाखवले आहे. पत्रावर निर्णय घेण्याआधी आपण ते पान पाहावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
भूगोल विभागप्रमुख,
तालुक्याच्या गावचे एक अनुदानित महाविद्यालय, मराठवाडा